ऑटोमन काळातील घड्याळाचा मनोरा : इतिहास कसा शोधावा, पुनर्बांधणी कशी करावी

बोस्नियातील साराजेव्होच्या जुन्या बाजारपेठेत, गाझी हुस्रेव बेग मशिदीलगत, सुमारे ३० मीटर उंचीचा एक चौकोनी दगडी मनोरा उभा आहे. स्थानिक लोक त्याला साहात-कुला म्हणतात. त्यावरचे घड्याळ आजही जुन्या ऑटोमन पद्धतीने चालते. सूर्य मावळला की काटे बारावर यायला हवेत, आणि दिवस सतत लहानमोठा होत असल्याने घड्याळ सांभाळणाऱ्या मुवेक्किताला ते वारंवार जुळवून घ्यावे लागते. १६९७ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती सावॉयचा युजीन याच्या फौजेने शहर जाळले तेव्हा हा मनोराही जळाला. १७६२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि १८७५ मध्ये लंडनच्या जिलेट अँड ब्लँड या कंपनीचे यंत्र त्यात बसवले गेले. दगडी बांधकाम, चालते यंत्र आणि वेळ मोजण्याची मूळ रीत या तिन्ही गोष्टी इथे एकत्र टिकल्या आहेत. इतरत्र बहुतेक ठिकाणी दगड राहिला, यंत्र गेले आणि वेळेची रीत बदलली.

अशा मनोऱ्याचा इतिहास शोधू इच्छिणाऱ्या आणि पडलेला किंवा पाडलेला मनोरा पुन्हा उभारण्याच्या कामात उतरणाऱ्या वास्तुविशारदांसाठी, अभियंत्यांसाठी आणि अभ्यासकांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यात एक आग्रह शेवटपर्यंत धरला आहे: दगडाचा पहिला थर रचण्यापूर्वी तो मनोरा कोणती वेळ, कोणासाठी आणि कशी सांगत होता हे पक्के झालेले असावे. तबकडीवरचे आकडे, यंत्राची खोली, यंत्र चालवणारी वजने खाली उतरण्यासाठीची पोकळी, जिन्याची रुंदी, घंटेखालच्या तुळया आणि पुढच्या कित्येक वर्षांचा देखभालीचा खर्च हे सारे त्या उत्तरावर ठरते.

मनोरा कोणत्या पिढीतला?

ढोबळमानाने या मनोऱ्यांच्या दोन पिढ्या मानाव्यात. पहिली पिढी मुख्यतः बाल्कनमधली. स्कोपये येथील मनोरा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, तर पोडगोरिचातला १६६७ चा आहे. असे मनोरे बहुधा एखाद्या पाशाने किंवा बेगने बांधले, त्यांचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून चाले, आणि ते मशीद व बाजारपेठ यांच्याजवळ असत. त्यांपैकी अनेकांना तबकडीच नव्हती. वरच्या सज्जात घंटा टांगलेली असे आणि गाव टोल्यांवरून वेळ जाणत असे. म्हणून पहिल्या पिढीच्या मनोऱ्याला सुंदर दिसते या कारणाने चारही बाजूंना तबकड्या बसवू नयेत. ज्या भिंतीत काट्यांच्या दांड्यासाठी आरपार भोक कधी नव्हतेच, त्या भिंतीवर तबकडी लावणे म्हणजे खोटा इतिहास लिहिणे होय.

दुसरी पिढी एकोणिसाव्या शतकातली, आणि तिचा बहर सुलतान दुसऱ्या अब्दुलहमीदच्या कारकिर्दीतला. इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्याचा २७ मीटर उंचीचा मनोरा १८९० ते १८९५ या काळात सार्किस बाल्यान याने उभारला. सुलतानाच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे होत असल्याच्या निमित्ताने १९०० च्या सुमारास साम्राज्यभर असे मनोरे उठले. इझ्मीरच्या कोनाक चौकातला २५ मीटर उंचीचा मनोरा १९०१ चा, रेमाँ पेरे या वास्तुविशारदाचा; त्याचे घड्याळ जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने भेट दिलेले. जाफा, नाब्लुस, अक्का येथील मनोरे याच लाटेतले. यांचे मालक सरकार किंवा नगरपालिका. यांची जागा सरकारी कचेरीसमोर किंवा मोठ्या चौकात असे, तबकड्या मोठ्या असत, आणि हेतू गावाला वेळ सांगण्याइतकाच राज्याची उपस्थिती दाखवण्याचा होता.

कागद, तारखा आणि छायाचित्रे

पिढी ओळखली की कागद कुठे शोधायचे ते उमगते. पहिल्या पिढीसाठी वक्फनामे आणि काझीच्या न्यायालयाच्या नोंदवह्या पाहाव्यात. घड्याळ सांभाळणाऱ्याचा पगार, तेल, दोर आणि दुरुस्ती यांच्या नोंदी तिथे मिळण्याची शक्यता असते, आणि पगाराच्या एका ओळीवरूनही घड्याळ त्या वर्षी चालू होते हे कळते. दुसऱ्या पिढीसाठी इस्तंबूलच्या राज्य अभिलेखागारातील गृहखात्याचा पत्रव्यवहार आणि प्रत्येक विलायतेची (ऑटोमन प्रांताची) वार्षिके, म्हणजे सालनामे, पाहावीत. कागद सापडला की त्याची प्रत लगेच करून ती दुसऱ्या शहरात ठेवावी. साराजेव्होची ओरिएंटल इन्स्टिट्यूट मे १९९२ मध्ये आणि राष्ट्रीय ग्रंथालय त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळाले, आणि ज्या दस्तऐवजांची दुसरी प्रत कुठेही नव्हती ते कायमचे गेले.

तारखांच्या बाबतीत फार जपावे लागते. ऑटोमन कागदांत हिजरी सन असतो आणि १८४० पासून महसुली कामकाजात मार्च महिन्यात सुरू होणारा सौर रूमी सनही येतो. हिजरी १३१९ म्हणजे एप्रिल १९०१ ते एप्रिल १९०२, पण रूमी १३१९ म्हणजे मार्च १९०३ ते मार्च १९०४. आकडा तोच, अंतर दोन वर्षांचे. मोडी कागदांतला शुहूर सन आणि फसली सन यांची उकल ज्यांनी केली आहे, त्या मराठी अभ्यासकांना हा सापळा नवा नाही. इथेही महिन्याचे नाव पाहूनच सन ठरवावा. महिना मोहरम किंवा साबानसारखा असेल तर सन हिजरी आणि मार्त, निसान, तेम्मुझ असा असेल तर रूमी, हा साधा नियम बहुतेक वेळा पुरतो.

शिलालेखातील शेवटच्या ओळीत अनेकदा तारीख अक्षरांत लपवलेली असते. अरबी वर्णांना अबजद पद्धतीने एकापासून हजारापर्यंत मूल्ये आहेत. त्या ओळीतील अक्षरांची बेरीज केली की सन मिळतो. अशी बेरीज आणि शिलालेखाखाली आकड्यांत कोरलेला सन जुळत नसेल, तर आपले वाचन चुकले असे आधी मानावे. तुर्कस्तानातल्या मनोऱ्यांवर शिलालेख दिसत नसेल तर निराश होऊ नये: १९२७ च्या कायद्याने सरकारी इमारतींवरील सुलतानांच्या तुग्रा, म्हणजे सहीवजा राजचिन्हे, काढण्याचा किंवा झाकण्याचा आदेश दिला होता. गिलाव्याच्या किंवा नंतरच्या दगडी फरशीच्या मागे काही शिल्लक आहे का, हे तिरप्या प्रकाशात आणि हलक्या हाताने तपासावे.

छायाचित्रांत जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी काढलेली चित्रे अमोल आहेत. ती आता अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. जेरुसलेमच्या जाफा दरवाजावर १९०७-०८ मध्ये उभा राहिलेला आणि ब्रिटिशांनी १९२२ मध्ये उतरवलेला मनोरा आपल्याला मुख्यतः अशा चित्रांतूनच दिसतो. जुन्या चित्रावरून माप काढताना ज्याची उंची आज मोजता येते असा एखादा भाग चौकटीत शोधावा: शेजारचा दरवाजा, तटबंदी, मशिदीची कमान. निदान तीन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रे जुळल्याखेरीज कंगोऱ्याची किंवा सज्जाची उंची नक्की धरू नये.

अवशेष वाचणे

मनोऱ्याचा खालचा भाग शिल्लक असेल तर साफसफाईपूर्वी आत शिरून दिवस घालवावा, कारण आतल्या धुळीत आणि काळ्या डागांत यंत्राचा सगळा आराखडा उमटलेला असतो. तुळईच्या कडेवर दोर घासून पडलेली खाच वजन कुठून खाली जात होते ते सांगते. भिंतीवरचा तेलाचा डाग आणि त्याच्या उंचीवर बसवलेले लाकडी ठोकळे यंत्राच्या चौकटीची जागा दाखवतात. वरच्या लाकडी जमिनीतले बोटभर रुंदीचे भोक घंटेच्या हातोड्याची तार तिथून गेल्याचे चिन्ह असते. चावी देणाऱ्या माणसांनी भिंतीवर ओरखडलेली नावे, वर्षे आणि हिशेबाच्या रेघाही पुसून टाकू नयेत. प्रत्येक खुणेचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे, तिची जागा नकाशावर नोंदवावी, आणि लेसर स्कॅन त्यानंतर करावा. स्कॅनमध्ये भिंतीचा आकार मिळतो. तेलाचा डाग कशाचा आहे हे माणसालाच ओळखावे लागते.

मनोरा पूर्ण पाडला गेला असेल तर दगड कुठे टाकले गेले हा पहिला प्रश्न. बान्या लुका येथील फरहादिया मशीद, १५७९ ची, ७ मे १९९३ रोजी उडवण्यात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथला घड्याळाचा मनोराही पाडला गेला. मशिदीचे तुकडे कचऱ्याच्या ढिगांतून आणि पाण्यातून बाहेर काढून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, मूळ जागा ओळखून पुन्हा वापरण्यात आले, आणि ७ मे २०१६ रोजी मशीद खुली झाली. मनोऱ्याच्या कामात ही पद्धत जशीच्या तशी चालते. घडीव दगडाच्या माथ्यावर लोखंडी कड्यांसाठी कोरलेल्या खाचा असतात. त्यांची दिशा आणि अंतर जुळवत गेले की कोणता चिरा कोणाच्या शेजारी बसत होता ते कळू लागते.

कोणत्या वर्षाचा मनोरा उभारायचा?

हे मनोरे एकदाच बांधून संपलेले नसतात. स्कोपयेच्या मनोऱ्याचा वरचा लाकडी भाग १९०४ मध्ये विटांचा झाला आणि स्वित्झर्लंडहून नवे घड्याळ आले. २६ जुलै १९६३ च्या भूकंपानंतर ते घड्याळ नाहीसे झाले. साराजेव्होचा माथाही १८७० च्या दशकात, नवे यंत्र आले त्या सुमारास बदलला. इझ्मीरच्या मनोऱ्याचा वरचा भाग १९७४ च्या भूकंपात कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. अशा ठिकाणी सर्वांत जुने रूप म्हणजे सर्वांत खरे, असे समजून विटांचा माथा उतरवून कल्पनेतला लाकडी माथा चढवणे मला चूक वाटते. स्मारकांच्या जतनाविषयीचा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा घातलेला भाग एकूण रूपाशी जुळूनही वेगळा ओळखता आला पाहिजे. तोच जाहीरनामा सुटे झालेले मूळ तुकडे पुन्हा जुळवण्यापलीकडच्या पुनर्बांधणीला मान्यता देत नाही, म्हणून संपूर्ण नव्या बांधकामाचे समर्थन लेखी आणि सविस्तर द्यावे लागते. व्यवहारात ज्या टप्प्याची छायाचित्रे, मापे आणि यंत्राचे पुरावे एकत्र मिळतात तो टप्पा निवडावा, मग तो नंतरचा असला तरी चालेल.

परवानगी कोणाची हेही इथेच ठरते. तुर्कस्तानात १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याखालील प्रादेशिक संवर्धन मंडळाची मंजुरी लागते. बोस्नियात १९९५ मध्ये युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराच्या आठव्या परिशिष्टाने निर्माण केलेल्या राष्ट्रीय स्मारक आयोगाचा निर्णय पाहावा लागतो. जेरुसलेमसारख्या ठिकाणी, जिथे मनोरा सोळाव्या शतकातील दरवाजाच्या डोक्यावर चढवलेला होता, तिथे पुन्हा तेवढे ओझे त्या दरवाजावर टाकण्यापेक्षा नोंदी आणि चित्रे जपण्यावर थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळ, तबकडी आणि यंत्र

आता मुख्य गोष्ट. जुन्या पद्धतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होई आणि बारा-बारा तासांचे दोन फेरे होत. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून मोजला जातो आणि घटिका तिथून चालतात. तिथे तीच रीत मावळतीपासून. समजा सूर्यास्त संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला १५ तास २० मिनिटे उलटलेली असतात, त्यांतून बारा वजा केले की घड्याळात ३ वाजून २० मिनिटे दिसायला हवीत. साराजेव्होच्या अक्षांशावर मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताजवळ सूर्यास्त रोज सव्वा ते पावणेदोन मिनिटांनी सरकतो, म्हणजे आठवडाभर हात न लावलेले घड्याळ नऊ ते तेरा मिनिटांनी चुकते. जून आणि डिसेंबरच्या अयनाजवळ मात्र फरक जेमतेम असतो. तुर्कस्तानाने डिसेंबर १९२५ च्या कायद्याने मध्यरात्रीपासून मोजायची चोवीस तासांची पद्धत स्वीकारली. तेव्हा त्याआधीचे रूप पुन्हा उभारायचे ठरवून तबकडीवर मात्र आजची वेळ दाखवणे हा निर्णय अजाणता होऊ नये. तो घ्यायचाच असेल तर कारणासह नोंदवावा.

जेरुसलेमच्या मनोऱ्यावर दोन तबकड्या युरोपीय वेळ दाखवत आणि दोन ऑटोमन. आज नागरिकांना चालू वेळ हवी असेल आणि इतिहासही राखायचा असेल, तर हा उपाय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दोन्ही वेळा एकाच गतीने चालतात, फक्त त्यांतले अंतर बदलत राहते. त्यामुळे एकच यंत्र पुरते, मात्र ऑटोमन तबकड्यांकडे जाणाऱ्या दांड्यावर स्वतंत्रपणे सैल करून फिरवता येईल असा जोड ठेवावा लागतो. तो जोड माणसाच्या हाताला सहज लागेल अशा जागी असावा, कारण त्याला दर थोड्या दिवसांनी हात लावायचा आहे.

तबकडीचे आकडे रंगवताना एक चूक फार सहज घडते. पूर्व अरबी लिपीत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, सात हा वर उघडलेला कोन असतो आणि आठ हा खाली उघडलेला. काही तबकड्यांवर आकडे सरळ उभे असतात, तर काहींवर त्यांचा पाया केंद्राकडे वळलेला असतो. दुसऱ्या प्रकारात खालच्या अर्ध्या भागातले सात आणि आठ जवळजवळ उलटे होतात आणि रंगाऱ्याला एकाच्या जागी दुसरा वाटतो. जुन्या चित्राचा त्या जागेचा मोठा केलेला ठसा रंगाऱ्याच्या हाती द्यावा आणि काम वाळण्यापूर्वी लिपी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

यंत्र वजनावर चालणारे असेल तर इमारतीचा आराखडा त्याच्या भोवती बसवावा. एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असतो, दीड सेकंदाचा सव्वादोन मीटरच्या आसपास आणि दोन सेकंदांचा जवळजवळ चार मीटर. लंबकाच्या खाली जिन्याची पायरी किंवा तुळई आली तर काम पुन्हा करावे लागते. फक्त तासांचे टोले देणारे घड्याळ दिवसाला १५६ टोले देते, म्हणजे आठवड्याला १,०९२, आणि घंटेचा जड हातोडा तितक्या वेळा उचलण्याची ताकद टोल्यांसाठीच्या वजनाने खाली उतरत पुरवायची असते. मनोरा बुटका असेल तर दोर कप्पीतून दुहेरी घ्यावा. उतार निम्मा होतो आणि वजन दुप्पट लागते. वजनांची पोकळी लाकडी फळ्यांनी बंद करावी आणि तिच्या तळाशी वाळूचा जाड थर ठेवावा, म्हणजे दोर तुटला तरी खालच्या माणसाला आणि पायाला इजा होणार नाही. मूळ यंत्र सापडले असेल तर त्याचे गंजलेले भाग फेकून सरसकट नवे पितळी भाग घालू नयेत. झिजलेला दाता भरून पुन्हा कापता येतो.

घंटेकडे दुर्लक्ष होते, ते होऊ देऊ नये. प्रिश्टिनाच्या मनोऱ्यात मोल्डावियातून आलेली घंटा होती. ती २००१ मध्ये चोरीस गेली. मूळ घंटा असेल तर तिचा स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, तिच्यावरची अक्षरे टिपून घ्यावीत आणि मग तिच्या राखणीची सोय करावी.

दगड आणि चुना

ऑटोमन गवंड्यांचा होरासान चुना म्हणजे कळीचा चुना आणि कुटलेली वीट. मराठी मुलखात ज्याला सुरखी-चुना म्हणतात, तेच तत्त्व. त्याच्या जागी सिमेंट वापरू नये. सिमेंट दगडापेक्षा कठीण होते, ओल आत कोंडते, आणि काही वर्षांत सांधे शाबूत राहून चिऱ्यांचे तोंड मात्र सुटू लागते. जुन्या चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन चुना, विटेची भुकटी आणि वाळू यांचे प्रमाण काढावे, त्यावरून निदान तीन मिश्रणे करून एका चाचणी-भिंतीवर पावसाळा आणि हिवाळा पाहू द्यावा.

चिरे एकमेकांत लोखंडी कड्यांनी बांधून त्या खाचांत वितळलेले शिसे ओतले जात असे. मोस्तारचा पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा हीच रीत पाळली गेली. शिसे लोखंडाला पाण्यापासून वाचवते आणि थोडे दबून दगडाला हलू देते. ज्या ठिकाणी ते पोकळ राहिले तिथे गंजलेली कडी फुगून दगड फोडते, म्हणून प्रत्येक खाच शिसे ओतण्यापूर्वी पूर्ण कोरडी असल्याची खात्री करावी. ओल राहिली तर तापलेले शिसे उसळून कारागिराला भाजते. दगड शक्यतो मूळ खाणीचा घ्यावा आणि खाणीत तो ज्या बाजूने आडवा होता त्याच बाजूने भिंतीत बसवावा. भूकंपाच्या पट्ट्यात माथ्याचा भाग सर्वांत जास्त झुलतो. इझ्मीरचा १९७४ चा अनुभव हेच सांगतो. म्हणून घंटेच्या मजल्याखाली चारही भिंतींना बांधणारा, दिसणार नाही पण पुढे काढता येईल असा गंजरहित पोलादाचा पट्टा घालावा.

काम संपण्यापूर्वी करायचे करार

घड्याळाला चावी देणारा आणि वेळ जुळवणारा माणूस उद्घाटनानंतर शोधायचा नसतो. कंत्राटातच त्याच्या किमान पाच वर्षांच्या पगाराची, प्रशिक्षणाची आणि त्याच्या हाताखालच्या दुसऱ्या माणसाची तरतूद असावी, आणि यंत्र जोडले जात असताना हे दोघेही हजर असावेत. यंत्राच्या खोलीत एक वही कायम ठेवावी: चावी दिल्याची तारीख, किती मिनिटे पुढेमागे केले, तेल कधी दिले, टोला कधी चुकला. तिची दरवर्षी प्रत काढून ती नगरपालिकेच्या दप्तरात आणि वक्फाकडे किंवा संग्रहालयाकडे, अशी दोन ठिकाणी जमा करावी. शिडी, दोर आणि हातोड्याची तार यांची तपासणी वर्षातून दोनदा, शक्यतो मार्च आणि सप्टेंबरमध्ये करावी. त्या महिन्यांत वेळ जुळवण्यासाठी माणूस तसाही वारंवार वर चढत असतो.